तेरावा महिना

पाहुणे दुपारी यायचे होते आणि गेनू सकाळपासून अंगणातल्या काड्या वेचत होता.

मार्गशीर्षाचे दिवस. पासलीत घरोघर भाताची झोडणी चाललेली, खळ्यावरचा पेंढा वाऱ्यानं सगळीकडं उडत होता. एक काडी उचलावी तर चार नव्या येऊन पडायच्या. त्याची बायको धोंडाबाई दारात कमरेवर हात ठेवून हा उद्योग बघत होती.

"झोडणीच्या दिसांत पासलीत काड्या येचताय? मग समदा डोंगरच झाडून घ्या की!"

"तू गप गं. पाटलांच्या नजरंला काडी पडाया नगं."

"का? पुन्यांदा मोडत्यात व्हय? मोडायला आता काय ऱ्हायलंय?"

गेनूनं वाकून आणखी एक काडी उचलली. नऊ वर्षांपूर्वी याच अंगणात, पंचांसमोर, शिवऱ्याच्या मानसिंग पाटलानं भाताची एक काडी दोन बोटांत धरून मोडली होती, आणि गेनूची धाकटी बहीण बाळाबाई त्याची बायको राहिली नव्हती. काडी मोडायच्या आधी त्यानं बेलभंडार उचलला होता. बेलाचं पान आणि देवाची हळद मुठीत धरून माणूस जे बोलतो ते थेट देवाच्या कानावर जातं, मागं घेता येत नाही. मानसिंग बोलला होता, "हे पोर माझं न्हाई." पोर तेव्हा तीन महिन्यांचं होतं, बाळाबाईच्या मांडीवर झोपलं होतं.

आणि आज तेच पोर मागायला पाटील येत होते. माणसाला लाज कशी वाटत नाही म्हणता? वाटते हो. पण घरात पाळणा हलला नाही की लाज आपोआप कमी होते.

गेनू आत आला. बाळाबाई तांदूळ पाखडत होती.

"बाळे, नीट इचार कर. भिमा पाटील व्हईल. शिवऱ्याची पाटीलकी म्हंजी काय खायाचं काम हाय? हितं माझ्यामागं त्याला काय मिळायचं? दोन खाचरं आन् लोकांची बोलणी."

"पोर जड झालंय का तुला, दादा?"

"जिभंला काय हाड? जड झालं असतं तर नऊ वरसं खांद्यावर घेऊन फिरलो असतो का?" गेनूचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "उद्या त्याला पोरगी कोण देईल, सांग. शाळंत काय झालं, ठावं हाय ना?"

ठावं होतं. वेल्ह्याच्या शाळेत मास्तरांनी हजेरीत नाव घालताना 'भिमा' लिहिलं आणि पुढं बापाच्या नावाची जागा मोकळी सोडली. पोरांना तेवढं पुरलं. त्या दिवसापासून भिमा शाळेतून सगळ्यांच्या मागं, एकटा चालत यायला लागला.

"त्यांना बोलू दे," बाळाबाई सूप आपटत म्हणाली. "म्या आईकून घेते. पर पोर देणार न्हाई. माझ्याकडं दुसरं हाय काय?"

धोंडाबाईनं चुलीपुढून मान वर केली. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. रोज सकाळी पाण्यावरून, रोज संध्याकाळी सरपणावरून. पण आता तिनं फुंकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, देऊ नगा. म्या सांगते."

ज्या बायकोच्या जिवावर गेनू बहिणीला समजावू म्हणत होता, ती फितूर झाली होती.

*

वेल्ह्यापर्यंत छकड्यातून आणि पुढं चढ पायी चढून आल्यानं फुलाबाईंना धाप लागली होती, पण धाप लागलेली दिसू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पोरगा मानसिंग पुढं, मागं भोरचे रघुवीरपंत वकील बगलेत कागदाची सुरळी घेऊन, आणि मध्ये फुलाबाई, डोक्यावरचा पदर दातात धरून. सगळ्यांच्या मागं सामान घेतलेला गडी. वेल्ह्याहून चिमाजीबाबा बरोबर आले होते. काडीमोडीला पंच म्हणून तेच बसले होते, आजही तेच बसणार होते.

फुलाबाईंच्या हाती पाटलांचं घर होतं आणि त्या घरात चूक कधी होत नसे. व्हायची ती सुनांची, गड्यांची, भाऊबंदांची. मानसिंगची दुसरी बायको घरात येऊन आठ वर्षं झाली, कूस उजवली नाही, ती तिची चूक. नवस झाले, उपास झाले. आता चुलतपुतण्या आनंदराव येता-जाता विचारायचा, "काकी, गुडघं कसं हायत?" गुडघ्यांची कसली काळजी त्याला! मानसिंगच्या माघारी पाटीलकी आपल्या दारात कधी येते, याची होती.

त्या बसल्या. अंगण झाडून लख्ख होतं. फुलाबाईंच्या पुढं त्यांच्याच गड्यानं तांब्याचं मोठं तबक आणून ठेवलं. त्यात पोरासाठी नवं धोतर, जरीची टोपी, साखर, आणि एका वाटीत भंडारा, वर बेलाची चार पानं.

"हे पहा," रघुवीरपंतांनी सुरळी सोडली, "प्रकरण नाजूक आहे, म्हणून सोपं करून सांगतो. पाटलांनी नऊ वर्षांपूर्वी पंचांपुढं शपथ घेतली की मूल आपलं नाही. ती शपथ लेखी आहे. आज हेच मूल आपला वारस म्हणून भोरच्या दरबारात नेलं तर भाऊबंद तो कागद पुढं करतील. शपथ मोडावी तर देवापुढं खोटं बोलल्याची नामुष्की. म्हणून मी मधला मार्ग काढला आहे. दत्तक."

"सोताचं पोर दत्तक?" गेनूनं विचारलं.

"तेच तर. स्वतःचं पोर दत्तक घेता येत नाही. म्हणून कागदात ते परक्याचं आहे. बापाचा पत्ता नसलेल्या मुलाला द्यायचा अधिकार आईचा. आईनं आपल्या हातानं मूल पाटलांच्या मांडीवर बसवायचं, भंडार उचलून 'दिलं' म्हणायचं, अंगठा द्यायचा. झालं."

"म्हंजी माझ्या भनीनं भंडार उचलून सांगायचं, की पोराचा बाप कोण ते ठावं न्हाई?"

"कागदावर, गेनबा. नुसतं कागदावर."

फुलाबाईंना वकिलाची ही युक्ती फार आवडली होती. तिच्यात त्यांची चूक कुठंच येत नव्हती. आणि चूक नव्हतीच. बारशाला त्यांनी पोर मांडीवर घेऊन पाहिलं होतं. डोईभर जावळ, बोटांना पुरी नखं, मांड्यांना वळ्या. असं पोर दिवस भरल्याशिवाय होतं का? त्यांनी तिथंच बोटं मोजली. मानसिंग वर्षभरानं पलटणीतून घरी आला तो वैशाखातल्या अखजीला. मग वडपुनव एक, बेंदूर दोन, नागपंचमी तीन, गौरी चार, दसरा पाच, दिवाळी सहा, चंपाषष्ठी सात, आणि पोर झालं भोगीला. आठ. नऊ महिन्यांचं पोर आठ महिन्यांत झालं, तर एक महिना कुणाचा? लेक पलटणीत असतानाचा. फुलाबाईंनी तीनदा मोजलं होतं आणि तिन्ही वेळा आठच आले होते.

*

बाळाबाई भिंतीला टेकून बसली होती. मानसिंगकडं तिनं पाहिलं नाही. भिमाला तिनं मागच्या दारी पेंढ्याच्या उडवीआड बसवलं होतं आणि हाक मारल्याबिगर यायचं नाही म्हणून बजावलं होतं. वकिलाचं बोलणं संपलं तेव्हा ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर तबकावर गेली.

तबकाच्या काठाला एक चेप होता. बोटभर लांबीचा. ती उठली, आणि कुणाला काही कळायच्या आत पुढं होऊन तिनं नवं धोतर उलगडल्यासारखं करून त्या काठावर पसरलं.

फुलाबाईंच्या तोंडावर समाधान आलं. "बघ बघ, कसं मऊसूत हाय. भोरच्या बाजारातनं आणलंय."

"ब्येस हाय," बाळाबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आत्याबाई, म्या उत्तर देते आन् तुमी उजेडाचं खाली उतरा. म्या पोर देणार न्हाई. बिनबापाचं म्हणा, काय बी म्हणा. माझ्यापाशीच ऱ्हाईल त्ये. दादा, त्यांना वाटंला लाव."

"अगं, गूळपाणी तरी घेऊ द्या की!" धोंडाबाई आतून तांब्या घेऊन आली.

"वैनी, तुमी आत जा. दूध उतू जातंय."

"कशाचं दूध? म्हैस कवाची आटलीया."

"वैनी, आत जा म्हनते ना!"

असं ओरडून सांगितलं आणि धोंडाबाईनं ऐकलं, असं त्या घरात एकदाही झालं नव्हतं. उलट ती वाकून सावकाश एकेकाच्या पुढं गुळाची वाटी सरकवायला लागली. फुलाबाईंच्या पुढं वाटी ठेवताना धोतराचं टोक तिच्या बांगडीत अडकलं आणि सरकलं.

"अगं बया! हे तर आमचं तबक!"

"पाटलांच्या घरचं भांडं तुझं कुठलं?" गेनू खेकसला.

"आवं, ह्यो चेप बघा की! म्याच पाडलं व्हतं भांडी घासताना धोंड्यावर. नवी नवरी म्या, तुमच्या आईनं मला अशी सोलली व्हती, बारा गावं आईकत व्हती. जावयाचं तबक चेपलं म्हणून!" धोंडाबाई हसत होती. "काडीमोडीत समदी भांडी परत केली आन् येवढं ठेवून घेतलं व्हय, काकी? ह्याच्यात तेहतीस अनारसं घालून दिलं व्हतं पाटलांना. रात रात तळत बसलो आमी सासवा-सुना."

"झालं का?" बाळाबाई म्हणाली. "आता जा."

"धोंड्याच्या महिन्यात..." धोंडाबाई म्हणाली आणि थांबली.

तिचं हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळे मात्र कुठंतरी लांब गेले. दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्याला सण नाही, वार नाही, लग्न नाही, मुंज नाही. फक्त जावयाला बोलावून धोंडा जेवू घालायचा, तेहतीस अनारसे वाण द्यायचे. धोंडाबाई स्वतः अशाच एका महिन्यात जन्मली होती, नावही त्यावरूनच पडलं होतं. तो महिना तिच्या ध्यानात होता, फक्त भिमाच्या हिशेबाशी त्याची गाठ आजवर कधी पडली नव्हती.

"काकी," ती फुलाबाईंकडं वळली. आवाज एकदम खाली आला होता. "तुमी बारशाला बोटं मोजली व्हती. समद्यांनी बघितलं. परत मोजा."

"कशाला?"

"मोजा तर! तवा बेंदूर दोन म्हनला व्हता. पुढं?"

"पंचमी तीन."

"आन् मधला?"

"मधला कंचा?"

"बेंदूर आन् पंचमीच्या मधला! त्या साली श्रावण दोन आलं व्हतं. धोंड्याचा महिना! त्यात सण न्हाई म्हणून तुमच्या बोटांतनं सुटला. पर पोटातल्या पोराला सण न्हाई म्हणून त्ये थांबतंय व्हय? त्ये वाढलंच की!"

फुलाबाईंचं बोट पुढं आलेलं तसंच राहिलं.

*

मानसिंगला तो दिवस आठवला. न आठवून कसं चालेल?

लावणी चालली होती. चिखलातून, इरलं डोक्यावर घेऊन तो सासुरवाडीला धोंडा जेवायला आला होता. माजघरात अनारसे तळत होते आणि तळणीच्या वासानं बाळाबाईला मळमळून आलं होतं. ती तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळाली, आणि सासूबाई हसून म्हणाल्या होत्या, "जावईबापू, पुढच्या धोंड्याला तिघं जेवायला या." तो लाजला होता. अनारसे घेऊन तो शिवऱ्याला परत गेला, त्यानंतर पंधरा दिवसांनी नागपंचमी आली.

हे सगळं त्याला तेव्हाही ठाऊक होतं. पण आई बोटं मोजत होती, आणि आईची मोजणी चुकते असं त्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "वैनी खरं बोलतीया. धोंडा जेवलो व्हतो म्या हितं. पंचमीच्या आधी."

चिमाजीबाबांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "म्हंजी नऊ पुरं झालं व्हतं," ते पुटपुटले. "आन् म्या पंच म्हणून बसलो व्हतो. बायकांचा हिशेब म्हणून इचारलं बी न्हाई. बाळाबाई, पोरी, माफ कर म्हनायची बी सोय ठेवली न्हाई आमी."

"आमच्या बाचं बी डोकं फिरलं व्हतं," गेनू म्हणाला. त्याचा बाप म्हणजे कोंडिबा. 'ज्यास्नी पोर नगं त्यास्नी पोरगी बी नगं,' असं म्हणून काडी त्यानंच पाटलाच्या हातात दिली होती, आणि वर्षाच्या आत तो त्याच दुःखानं गेला. "आज म्हातारा असायला पायजे व्हता. बाळे, आईकलंस का? तुझ्या तोंडाचं काळं गेलं गं!"

धोंडाबाई तर डोळ्यांत पाणी आणून नणंदेकडं बघत होती. आता ही आपल्या गळ्यात पडेल, नऊ वर्षांची भांडणं एका दिवसात फिटतील, असं तिला वाटत होतं.

बाळाबाई भिंतीला टेकून होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

रघुवीरपंत मात्र खूश होते. त्यांनी दत्तकाचा कागद गुंडाळला. "छान! मग दत्तकाची भानगडच संपली. पाटील, शपथ गैरसमजुतीनं घेतली, खोटेपणानं नव्हे. दरबारात मी पाहून घेतो. बापाचा मुलगा बापाकडं, याला ना आईचा अंगठा लागत, ना परवानगी. मुलगा आजच घेऊन चला. कोणी अडवू शकणार नाही."

तेव्हा कुठं धोंडाबाईला कळलं. बाळाबाई दूध उतू जातंय असं का म्हणाली होती, धोतर का पसरलं होतं.

"वन्सं," ती घाबरून म्हणाली, "तुमास्नी ठावं व्हतं?"

"सात वरसं," बाळाबाई म्हणाली.

"काय?"

"त्याच्यानंतरचा धोंड्याचा महिना आला ना, तवा. सारवत बसले व्हते. शेजारच्या जावयाला धोंडा जेवायला बोलावल्यालं आईकलं, आन् सारवायच्या हातांनीच बोटं मोजली. आनंदानं वेडी झाले, वैनी. शेणाचं हात घेऊन खाचराकडं पळत सुटले, दादाला सांगायला. भिमा मागनं पळत येत व्हता, आडीच वरसांचा. 'आये थांब, आये थांब' वरडत. म्या बांधावर थांबले. आन् तिथंच ध्यानात आलं. म्या चांगली ठरले की पोर त्यांचं ठरतंय." तिनं नाक पदरानं पुसलं. "मग माघारी आले. हात धुतले. कुणाला बोलले न्हाई."

"सात वरसं लोकांचं शेण खाल्लंस?" गेनू म्हणाला. "पाणवठ्यावर बाया तुला घागर लावू देत नव्हत्या!"

"मग? पोर तर व्हतं ना माझ्यापाशी."

*

मानसिंग उठला. "बाळाबाई," तो अडखळत म्हणाला, "म्या त्याला काय कमी पडू देणार न्हाई."

"बसा, पाटील."

ती पुढं आली. तबकासमोर गुडघे टेकून बसली आणि वाटीतला भंडारा आणि बेलाचं पान तिनं मुठीत घेतलं. हळद तिच्या बोटांतून खाली सांडत होती.

"चिमाजीबाबा, पोर कुणाचं, हे कुणाला ठावं असतं? बोटं मोजणारीला का आईला?"

"आईला, पोरी."

"मग वैनीची मोजणी ऱ्हाऊ द्या. आत्याबाईंची बी ऱ्हाऊ द्या. आईचं आईका आन् लिवून घ्या. भंडार हाय माझ्या हातात."

"बाळे!" गेनू किंचाळला. "काय करतीस? खोटा भंडार!"

"वन्सं, पाया पडते, टाका त्यो खाली!"

वकिलांना अजून उमजलं नव्हतं. पण फुलाबाईंना उमजलं. ही बाई आता देवाच्या नावानं स्वतःला बदफैली ठरवणार होती. आणि एकदा तिनं ते म्हटलं की शिवऱ्याचा त्या पोराशी संबंध कायमचा तुटणार होता. बाप कोण हे आईनं भंडार उचलून सांगितल्यावर मग कुठला पंच आणि कुठला दरबार?

पण फुलाबाईंच्या अंगावर काटा आला तो त्यापायी नाही. मघापासून, धोंडाबाईनं तो महिना मोजल्यापासून, त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. लेकानं खोटा भंडार उचलला. नऊ वर्षं घरात पाळणा नाही. देव बोटं विसरत नाही.

"हे खंडेराया," बाळाबाईनं मूठ वर धरली, "तुझी आन घेऊन सांगते, ह्यो भिमा..."

फुलाबाईंनी झडप घालून तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"बोलू नगंस! तुझ्या पाया पडते, पुढचं बोलू नगंस!"

"सोडा हात."

"अगं खुळे, खोटा भंडार उचलणाऱ्याला काय हुत न्हाई, त्याच्या वंशाला हुतं! माझ्याकडं बघ. माझ्या घराकडं बघ. तुला येवढा एकच हाय गं. मला बी येवढा एकच हाय."

"मग सांगा," बाळाबाई म्हणाली. तिचे डोळे फुलाबाईंच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते आणि ते ओले नव्हते. "हात सोडा, न्हाईतर पोर सोडा."

"बाई, ही सरळ धमकी आहे," रघुवीरपंत म्हणाले. "पंचांसमोर अशी..."

"तुमी गप बसा वो!" फुलाबाई ओरडल्या. आणि मग त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "सोडलं. पोर सोडलं, बाळाबाई. टाक त्यो भंडारा."

"तुमच्या तोंडच्या शब्दावर न्हाई टाकायची. पाटलांनी उचलून सांगावं."

सगळ्यांनी मानसिंगकडं पाहिलं. तो आईकडं बघत होता. जन्मभर तो आईकडं बघूनच उत्तर देत आला होता. या वेळी फुलाबाईंनी मान खाली घातली, तेव्हा त्याला स्वतःच उठावं लागलं. तो आला, वाटीतला उरलेला भंडारा त्यानं मुठीत घेतला.

"भिमा माझा हाय," तो म्हणाला. "त्याची आई निर्मळ हाय. नऊ वरसांमागं म्या हितं उभं ऱ्हाऊन चुकीचं बोललो, आन् खरं ठावं असून गप बसलो. पोर आईपाशी ऱ्हाईल. शाना होऊन त्यो आपल्या पायानं शिवऱ्याला आला तर घर त्याचं. न्हाई आला तरी त्याचंच. म्या न्यायला येणार न्हाई."

चिमाजीबाबा म्हणाले, "आईकलं." मग त्यांनी मुंडासं पुन्हा डोक्याला बांधलं.

रघुवीरपंतांनी दौत उघडली. वारस म्हणून दरबारात दाखवायला नाव पुरतं, मुलगा कुठं जेवतो-झोपतो हे तिथं कोण विचारतंय, असं काहीतरी ते स्वतःशी बोलत लिहीत बसले. बाळाबाईनं मूठ उघडून भंडारा वाटीत परत टाकला आणि मग अंगठा दिला. कागदावर शाईच्या कडेनं हळद लागली.

निघताना फुलाबाई म्हणाल्या, "एकदा बघू तरी दे."

बाळाबाईनं हाक मारली. भिमा उडवीआडून आला, केसांत पेंढा अडकलेला. फुलाबाईंनी चिमूटभर साखर पुढं केली. त्यानं आधी आईकडं पाहिलं. आईनं मान हलवली तेव्हा त्यानं तोंड उघडलं. फुलाबाईंनी त्याची बोटं हातात घेऊन पाहिली, एकेक नख पाहिलं, आणि मग त्यांना तिथं उभं राहवेना.

"तबक ऱ्हाऊ द्या तुमचं," त्या धोंडाबाईला म्हणाल्या.

"जावयाला दिल्यालं माघारी घेत न्हाईत, काकी," धोंडाबाई म्हणाली. तिनं धोतर, टोपी काढून घेतली आणि रिकामं तबक त्यांच्या गड्याच्या हातात दिलं.

*

पाहुणे चढ उतरून दिसेनासे झाले. गेनू खळ्यावर गेला. धोंडाबाई नणंदेजवळ बसली.

"वन्सं, खरं सांगा. बोलला असता?"

"ठावं न्हाई, वैनी," बाळाबाई म्हणाली. नऊ वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती. आता भावजयीच्या मांडीत तोंड खुपसून मोठ्यानं रडली, आणि धोंडाबाई तिला "आता गं, आता काय झालं, गेलं की समदं" म्हणत स्वतःही रडत होती.

भिमा दोघींकडं बघत उभा होता. नव्या टोपीची जर त्यानं नखानं खरवडून पाहिली. उडवीआडून त्यानं सगळं ऐकलं होतं. कळलं किती, ते त्याचं त्यालाच माहीत.

"आये," तो म्हणाला, "उद्या मास्तरनं नाव इचारलं तर काय सांगू?"

बाळाबाईनं डोळे पुसले. हळदीचा हात गालाला लागला, तिच्या ध्यानातही आलं नाही.

"भिमा मानसिंग पाटील म्हणून सांग. शिवऱ्याचं."

"आन् घर?"

"आन् घर कुठं इचारलं," ती म्हणाली, "तर पासली सांग."